वादळवाऱ्यात राखणीच्या कुत्र्याची काळजी



वैशाखातील दुपार. आभाळ भरून येते, वावटळ सुटते आणि वस्तीवर एकच धांदल उडते. कोणी कांद्यावर ताडपत्री ओढतो, कोणी वाळवण आत नेतो, कोणी बैल गोठ्यात घेतो. या गडबडीत राखणीचा कुत्रा मात्र झाडाखाली साखळीला तसाच राहतो.

मागे एका शिवारफेरीत अशाच एका वस्तीवर जाणे झाले. लिंबाच्या बुंध्याची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती आणि बुंध्याला रिकामी साखळी लोंबत होती. "विजा कडाडू लागल्यावर सोडायला निघालो, तर घरच्यांनी हात धरला," असे त्या शेतकऱ्याने सांगितले. घरच्यांनी केले ते योग्यच. चूक झाली ती त्याआधीच्या अर्ध्या तासात. तो अर्धा तास कसा वापरावा, हे आपण येथे पाहू.

धोका कशामुळे होतो?

१) वीज : उंच झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत उतरते व भोवताली पसरते. चार पायांच्या जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर असते. त्यामुळे हा प्रवाह एका बाजूच्या पायांतून शिरून छातीतून दुसऱ्या बाजूला जातो. म्हणजे वीज अंगावर पडली नाही तरी झाडाखालचे जनावर दगावू शकते. लोखंडी साखळी व तारेचे कुंपण यांतूनही वीज वाहते.

२) वारा : दि. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा घरांचे पत्रे उडाले व झाडे उन्मळून पडली. बांधलेल्या जनावराला अशा वेळी बाजूला होता येत नाही.

३) भीती : कुत्र्याचे कान फार तिखट असतात. गडगडाटाने बिथरलेला कुत्रा पट्टा तोडून रस्त्यावर धावतो किंवा साखळीत गुंतून गळफास बसतो.

हंगामापूर्वीची तयारी

१) घरातील किंवा पक्क्या पडवीतील एक कोपरा ठरवावा. तेथे गोणपाट अंथरून चैत्रापासूनच अधूनमधून तेथेच भाकरी घालावी. सवय झालेला कुत्रा वादळात आपण होऊन तेथे येतो.

२) साखळीला चटकन सुटणारी कडी बसवावी. गंजलेली कडी ऐनवेळी निघत नाही.

३) गळ्यातील पट्ट्यावर आपला फोन क्रमांक पक्क्या शाईने लिहावा.

४) पिसाळ रोगाची लस पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी टोचावी. घाबरलेला कुत्रा घरच्या माणसालाही चावू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

५) कुत्रा आत आणण्याचे काम घरातील कोणाचे, हे आधीच ठरवावे. जे काम सर्वांचे असते, ते कोणाचेच नसते.

आभाळ भरून येताच

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेल्या 'दामिनी' या मोबाइल ॲपवर विजेची सूचना मिळते. ती मिळताच, किंवा लांबवर पहिला गडगडाट ऐकू येताच, कुत्रा आत घ्यावा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत ३० सेकंद लागले, तर वीज सुमारे १० किलोमीटरवर असते. त्याहून कमी वेळ लागल्यास कोणीही उघड्यावर जाऊ नये, मग कुत्रा बाहेर असला तरी! दारातूनच हाक मारावी. शेतात अडकल्यास झाडाचा आसरा न घेता पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या जीपमध्ये कुत्र्यासह बसावे. ट्रॅक्टरखाली किंवा ट्रॉलीखाली थांबू नये.

वादळ चालू असताना

कुत्र्याला पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबाला बांधू नये. दार-खिडक्या बंद ठेवाव्यात. तो कोपऱ्यात दडून बसल्यास ओढून काढू नये, मारू नये व रागावू नये. जवळ बसून हळू आवाजात बोलावे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अशा माणसांच्या गोळ्या कुत्र्याला घातक ठरतात, त्या मुळीच देऊ नयेत. ओढ्या-नदीचे पाणी वस्तीत शिरू लागल्यास व घर सोडावे लागल्यास कुत्रा बरोबर न्यावा. ते शक्यच नसेल तर निदान मोकळा सोडावा. बांधलेला कुत्रा जागीच बुडतो.

वादळ ओसरल्यावर

१) शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे कुत्र्याला बाहेर सोडू नये.

२) प्रथम आपण आवार पाहावे. तुटलेली वीजतार दिसल्यास जवळ न जाता महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. फुटलेले पत्रे, काचा व आडोशाला आलेले साप यांकडे लक्ष द्यावे.

३) डबक्यातील पाणी पिऊ देऊ नये. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्याला व माणसालाही होतो.

४) विजेचा धक्का बसलेल्या जनावराच्या अंगात वीज राहत नाही. वादळ सरल्यावर, जवळ तुटलेली तार नाही याची खात्री करून, त्याला हात लावण्यास भिऊ नये. श्वास चालू असल्यास त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

५) कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

या सर्व तयारीला खर्च जवळजवळ नाही. एक गोणपाट, एक चांगली कडी आणि वेळेवर उचललेले पाऊल एवढेच लागते. येत्या वळवापूर्वी आपल्या वस्तीवरील साखळीची कडी एकदा उघडून पाहावी.