'एलिमेंटल' डेमो आणि हरवलेला उजेड

गेम खेळणारे आपल्यात भरपूर आहेत, पण गेममधल्या भिंतीवर उजेड पडतो तो कसा, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. म्हणून आज एका डेमोची गोष्ट सांगतो. तिच्यात कॉम्प्युटर ग्राफिक्सचा एक अख्खा चॅप्टर आहे, आणि थोडी निराशाही.

जून २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एपिक गेम्सने अनरियल इंजिन ४ चा 'एलिमेंटल' हा डेमो जाहीरपणे दाखवला. सिंहासनावर बसलेला, अंगात लाव्हा धगधगणारा एक योद्धा जागा होतो, हातोडा उचलतो आणि बर्फाळ डोंगरांत बाहेर येतो. हे सगळं एका जीटीएक्स ६८० कार्डावर, रिअल टाइममध्ये! पण खरी गंमत योद्ध्यात नव्हती, उजेडात होती.

दुपारी खोलीत दिवा नसला तरी कॉटखालची चप्पल दिसते ना? ऊन तिथे थेट पोचत नाही. फरशीवर आणि भिंतीवर आपटून उडालेला उजेड तिथे जातो. लाल चादरीशेजारची पांढरी भिंत किंचित लालसर दिसते, तीही याच कारणाने. याला म्हणतात ग्लोबल इल्युमिनेशन. ॲनिमेशन सिनेमावाले एका फ्रेमला तासन् तास देऊ शकतात. गेमला सेकंदाला ३० फ्रेम्स हव्यात, म्हणजे हातात फक्त ३३ मिलिसेकंद. म्हणून बहुतेक गेम्समध्ये हा उजेड आधीच मोजून भिंतींवर चिकटवून ठेवत. हाच लाइटमॅप. स्वस्त आणि सुंदर, पण सूर्य हलला किंवा भिंत पडली की पितळ उघडं!

एलिमेंटलमध्ये हा उजेड चालू फ्रेममध्ये मोजला जात होता. सीनचे छोटे घन करायचे, म्हणजे व्हॉक्सेल, आणि प्रत्येकात रंग-उजेड साठवायचा. आता ५१२ × ५१२ × ५१२ म्हणजे सुमारे १३.४ कोटी घन. प्रत्येकी फक्त ४ बाइट धरले तरी ५१२ एमबी. बाजू दुप्पट केली की थेट ४ जीबी, आणि त्या कार्डाची मेमरी होती २ जीबी! पण बहुतेक घन रिकामेच असतात. म्हणून ऑक्ट्री वापरायची : भरलेल्या घनाचेच आठ तुकडे करायचे, रिकामा तसाच सोडायचा. डेटा स्ट्रक्चर्समध्ये आपण ज्या ट्रीला कंटाळतो, तिचीच ही चुलत बहीण. मग प्रत्येक पिक्सेलपासून हजारो किरण सोडण्याऐवजी पाच-सहा जाड शंकू सोडायचे. शंकू रुंदावला की मोठा घन वाचायचा. सिरिल क्रासिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली ही युक्ती मला आजही भन्नाट वाटते.

मग फेब्रुवारी २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ च्या घोषणेत तोच एलिमेंटल पुन्हा दिसला. नाव तेच, योद्धा तोच, पण व्हॉक्सेलचा उजेड गायब! त्या जागी एपिकच्या जुन्या लाइटमासची सुधारलेली आवृत्ती, म्हणजे पुन्हा आधीच मोजलेला उजेड. मार्च २०१४ मध्ये इंजिन सर्वांसाठी खुलं झालं, त्यातही ते फीचर नव्हतं.

असं का झालं? हिशोब करून बघा. १९२० × १०८० म्हणजे २० लाखांवर पिक्सेल. प्रत्येकी ५ शंकू, शंकूमागे १० वाचनं धरा. एका फ्रेमला १० कोटी वाचनं, सेकंदाला ३०० कोटी! कमी रिझोल्यूशनवर मोजून यात बचत करता येते, पण प्रत्येक वाचनासाठी ट्री उतरावीच लागते. जीटीएक्स ६८० ची ताकद सुमारे ३ टेराफ्लॉप्स, प्लेस्टेशन ४ ची १.८४. शिवाय गेममध्ये उजेडाखेरीज शत्रू, आवाज, फिजिक्स हेही असतंच. त्यात घनापेक्षा पातळ भिंत असली की उजेड पलीकडे झिरपतो.

२०१२ चा डेमो खोटा नव्हता, तो खरंच चालत होता. मला खटकतं ते वेगळंच. डेमोत फक्त एकाच गोष्टीची परीक्षा असते, आणि बघणारा मात्र ते वचन समजतो. पुढे मे २०२० मध्ये एपिकने अनरियल इंजिन ५ चं 'लुमेन' प्लेस्टेशन ५ वर दाखवलं. चालू फ्रेममध्ये उडणारा उजेड पुन्हा आला, पण मुख्यतः डिस्टन्स फील्ड वापरून, म्हणजे वेगळ्या वाटेने. एप्रिल २०२२ मध्ये ते इंजिनासोबत सर्वांच्या हातात पडलं. म्हणजे स्वप्न बरोबर होतं, दहा वर्षं लवकर दाखवलं गेलं इतकंच.

तेव्हा यापुढे कुठलाही डेमो बघताना तीन प्रश्न विचारा. हे कुठल्या हार्डवेअरवर चालतंय? एका फ्रेमला किती मिलिसेकंद लागतात? आणि यात काय दाखवलेलं नाही? फायनल इयरच्या प्रोजेक्टचा डेमो देताना हेच प्रश्न आपल्यालाही विचारले जाणार आहेत. उत्तरं तयार ठेवा!