बेदाण्याची साल आणि जखमेवरचे जाळे

तासगाव परिसरात द्राक्षाचा हंगाम आला की बेदाणा शेडवर एक काम हमखास दिसते. घड जाळीवर पसरण्याआधी पिंपातील द्रावणात बुडवून काढतात. त्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑईल’, म्हणजे मुख्यतः एथिल ओलिएट, असते. हे कशासाठी?

द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पांढुरका थर असतो. त्याचे पापुद्रे एकमेकांवर रचलेले असल्याने आतले पाणी सहज बाहेर पडत नाही. द्रावणामुळे ही रचना बदलते, पाण्याला वाट मिळते आणि मणी साधारण पंधरवड्यात सुकतो. गर तोच, साखर तीच. बदलला तो केवळ पृष्ठभाग!

आता दवाखान्यात येऊ. भाजलेल्या जखमेवर नवी त्वचा यायची, तर पेशींना आधार हवा. शरीरात हा आधार कोलॅजेनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा असतो. तसेच तंतू माणसाला बनवता येतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारख्या प्लास्टिकचे द्रावण बारीक सुईतून सोडतात आणि सुई व समोरचा पत्रा यांमध्ये दहा-वीस हजार व्होल्टचा विद्युत्‌दाब ठेवतात. थेंब ताणला जातो, द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर काहीशे नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचे जाळे जमते. अशा विद्युत्‌ कताईचे एक पेटंट फॉर्महाल्स यांनी 1934 मध्ये मिळवले होते.

तंतू बारीक केल्याने काय साधते? पदार्थ तेवढाच ठेवून 100 मायक्रोमीटर जाडीच्या तंतूचे 100 नॅनोमीटरचे तंतू केले, तर एकूण पृष्ठभाग हजारपट होतो. म्हणून येथे पृष्ठभागाच्या गुणधर्माला फार महत्त्व.

अडचण अशी, की हे प्लास्टिक पाण्याला दूर सारते. जाळ्यावर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. त्याचा स्पर्शकोन 90 अंशांहून अधिक भरतो. जे ओलेच होत नाही, त्यावर पेशी नीट चिकटत नाहीत.

यावर तीन उपाय आहेत. ऑक्सिजनच्या प्लाझ्माचा मारा केला, की पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार होतात व पाणी पसरते. मात्र हा परिणाम काळानुसार ओसरतो. सोडियम हायड्रॉक्साइडनेही असे गट निर्माण होतात. पण तंतू जास्त वेळ बुडाले तर झिजून कमजोर होतात. तिसरा उपाय जिलेटिन किंवा कोलॅजेनचा लेप देण्याचा. पेशी खरे तर पृष्ठभागावर बसलेल्या प्रथिनांना धरतात. म्हणूनच पृष्ठभाग अति जलस्नेही झाला, तरीही त्यांची पकड सुटते. येथेही ‘अति तेथे माती’ हेच खरे!

करून पाहा : स्वच्छ काचेच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासा. दोन्ही भागांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवून बाजूने पाहा आणि आकृती काढून स्पर्शकोन मोजा. मग थेंबात सुईच्या टोकाने किंचित साबणाचे पाणी घाला. कोनात काय फरक पडला? या वेळी काच बदलली, मेण बदलले, की पाणी? विचार करा.