कंपायलर बदलताना

फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कर्नेल, मूलभूत लायब्रऱ्या, रोजच्या कमांड आणि त्या सर्वांना यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर हे सारे एकाच सोर्स ट्रीमध्ये नांदतात. त्यामुळे तेथे कंपायलरची नवी आवृत्ती आणणे म्हणजे ज्या अवजाराने ते अवजारही घडवले जाते, तेच बदलणे होय. हे काम लांबवण्याचा मोह स्वाभाविक असला तरी तो महागात पडतो. तोवर वापरात असलेल्या जीसीसी या कंपायलरने 2007 मध्ये जीपीएल या परवान्याची तिसरी आवृत्ती स्वीकारल्यावर त्याच्या अटी न पटल्याने फ्रीबीएसडी जीसीसीच्या 4.2.1 या आवृत्तीवरच थांबली, जानेवारी 2014 मधील फ्रीबीएसडी 10.0 मध्ये प्रमुख प्रोसेसरांसाठी क्लँग मुख्य कंपायलर झाला, आणि जुना जीसीसी ट्रीमधून निघायला 2020 उजाडले; त्याच्यावरच विसंबलेल्या स्पार्क64 प्रोसेसरांचा आधारही तेव्हाच संपला.

नवा कंपायलर आणल्यावर बिल्ड थांबला तर हात पोळलेल्या लोकांना हायसेच वाटते. जीसीसी 10 पासून, आणि त्याच वर्षी क्लँग 11 पासून, एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत नुसते घोषित केलेले असेल तर लिंकर, म्हणजे सुटे भाग जोडणारा प्रोग्राम, ते मुकाट्याने एकत्र करीत नाही, चूक दाखवतो. हेडरमध्ये लिहायचा राहून गेलेला ‘एक्स्टर्न’ हा शब्द असा वर्षानुवर्षांनी उघडा पडतो. खरा धोका असतो तो बिनबोभाट पार पडलेल्या बिल्डमध्ये. लिनक्स कर्नेलच्या ‘टन’ नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका ओळीत पॉइंटरमधून, म्हणजे स्मृतीतील पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलमधून, मूल्य वाचले जात होते आणि तो पॉइंटर नल आहे का याची तपासणी त्यानंतरच्या ओळीत होती. नल पॉइंटर वाचणे सी भाषेच्या मानकानुसार अनिर्धारित असल्याने, वाचन झालेच आहे तर तो नल नसणारच, असे गृहीत धरून जीसीसीने ती तपासणीच काढून टाकली, आणि 2009 मध्ये त्यातून साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवून देणारी फट निघाली. मूळ दोष कोडचा होता, कंपायलर नियमाप्रमाणेच वागला होता. तरीही असे ऑप्टिमायझेशन बंद करणारा पर्याय कर्नेलच्या बिल्डमध्ये पुढे घालावा लागला.

म्हणून जुन्या कोडच्या दुरुस्त्या जुन्याच कंपायलरवर आधी, वेगवेगळ्या कमिटमध्ये कराव्यात आणि कंपायलरची आयात एकट्या कमिटमध्ये ठेवावी. दोन्ही एकत्र गुंफल्यास बायसेक्ट, म्हणजे कमिटांची यादी अर्धी-अर्धी करीत दोषी बदल शोधण्याची पद्धत, निरुपयोगी ठरते. इशाऱ्यांनाच चूक मानण्याचा पर्याय चालू असताना नव्या इशाऱ्यांनी बिल्ड अडला, तर तो पर्याय सरसकट बंद करण्याऐवजी त्या-त्या फाइलीपुरता शिथिल करून कारण तेथेच नोंदवावे, कारण सरसकट बंद केलेली गोष्ट पुन्हा चालू करायला सहसा कोणी धजावत नाही. नव्या कंपायलरचा स्वतःचा कोड मात्र जुन्याच कंपायलरला पचला पाहिजे, आणि क्लँग ज्याचा भाग आहे त्या एलएलव्हीएमच्या 16 व्या आवृत्तीपासून त्यासाठी सी++17 लागते, हे आधी पाहावे.

शेवटी बिल्ड पूर्ण होणे हा पुरावा नव्हे: आधी कर्नेल बसवावे, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि ते नीट चालल्यावरच उरलेली प्रणाली बसवावी. कर्नेल बसवताना आधीचे ‘कर्नेल.ओल्ड’ या नावाने राहते, पण तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिल्यास त्या जागी बिघडलेले कर्नेलच येऊन बसते. तेव्हा चालू स्थितीतल्या कर्नेलची प्रत वेगळ्या नावाने आधीच काढून ठेवावी.