ट्रकचे स्टेअरिंग हाती घेण्यापूर्वी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या गावांत यंत्रमागाचा खडखडाट मंदावला की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, मुलाने आता काय करावे? कुणी गॅरेजची वाट धरतो, कुणी आखाताची, तर कुणी ट्रकवर क्लीनर म्हणून चढतो. यातील शेवटचा मार्ग सर्वांत सोपा वाटतो. भांडवल लागत नाही, शिक्षणाची अट नाही आणि पहिल्या दिवसापासून जेवण व खर्ची मिळते. परंतु याच मार्गाने गेलेली कित्येक मुले दहा वर्षांनंतरही क्लीनरच राहतात किंवा एखाद्या अपघातात सापडून आयुष्यभराची अडचण ओढवून घेतात.

वास्तविक ट्रक चालविणे हे कसबी कारागिराचे काम आहे. न्हावाशेवा बंदरातून निघणारा कंटेनर असो, जळगावची केळी असोत की नाशिकचा कांदा, लाखोंचा माल एका माणसाच्या भरवशावर रस्त्यावर असतो. या धंद्यात मागच्या दाराने न शिरता पुढच्या दाराने कसे यावे, हे आम्ही या लेखात क्रमाने सांगणार आहोत. मुलाला या कामाला लावणारे पालक आणि स्वतःचा टेम्पो-ट्रक बाळगणारे व्यापारी, दोघांनीही तो वाचावा, ही विनंती.

लायसन्सची शिडी

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे साधी चारचाकी चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे आणि व्यावसायिक वाहतुकीच्या वाहनासाठी २० वर्षे पूर्ण असावी लागतात. पहिली पायरी हलक्या वाहनाच्या लायसन्सची. आधी शिकाऊ लायसन्स काढावे. ते सहा महिने चालते आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. जड वाहनाचे शिकाऊ लायसन्स मात्र हातात हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष असल्याशिवाय मिळत नाही. म्हणजेच, ज्याला विसाव्या वर्षी ट्रकवर बसायचे आहे, त्याने अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच पहिले लायसन्स काढून ठेवले पाहिजे. बहुतेक मुलांचे एक-दोन वर्षांचे नुकसान येथेच होते.

जड वाहनासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र (नमुना १-अ) आणि मान्यताप्राप्त मोटार ट्रेनिंग स्कूलचे प्रमाणपत्र (नमुना ५) लागते. पूर्वी व्यावसायिक लायसन्ससाठी आठवी पास असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. तेव्हा शाळा अर्धवट सुटली म्हणून निराश होण्याचे कारण नाही. २०२१ पासून केंद्र सरकारच्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या चालक प्रशिक्षण केंद्रांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. तेथून उत्तीर्ण होणाऱ्यास लायसन्ससाठी वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. शाळा निवडताना फी किती, एवढेच विचारू नये. प्रत्यक्ष ट्रकवर किती तास बसविणार, ट्रक भरलेला असेल की रिकामा आणि रिव्हर्स शिकविणार की नाही, हे आधी विचारावे.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाची वाहने कायद्याने हलकी धरली जातात. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, हलक्या वाहनाचे लायसन्स असणारा या वजनापर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवून कमाई आणि अनुभव दोन्ही मिळविण्याचा हा रस्ता आहे. मोठ्या ट्रककडे जाण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे येथे काढणे उत्तम.

व्यावसायिक लायसन्सची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली. नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून करता येते. मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. तारीख घरात भिंतीवर लिहून ठेवावी.

क्लीनरने रात्री स्टेअरिंग धरावे का?

आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेली पद्धत अशी की, उस्ताद दमला की मध्यरात्री रिकाम्या हमरस्त्यावर क्लीनरच्या हाती गाडी देतो. मुलाला वाटते, आपण शिकतो आहोत. परंतु त्याच्याकडे लायसन्स नसेल तर तो शिकत नाही, गुन्हा करीत असतो. विनालायसन्स चालविणाऱ्यास ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि त्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकासही तितकीच शिक्षा कायद्यात आहे.

दंडाचे एक वेळ भागेल, अपघाताचे भागत नाही. गाडीचा विमा असला तरी चालविणाऱ्याजवळ योग्य लायसन्स नसेल, तर मृताच्या वारसांना विमा कंपनीने दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायालये देतात. ही रक्कम लाखांत असते. एक टेम्पो, एक दुकान आणि राहते घर एवढीच ज्याची मालमत्ता, तो व्यापारी एका रात्रीत बुडतो. मुलाची उमेद तुरुंगात आणि कोर्टाच्या तारखांत संपते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, क्लीनरचे काम कमी दर्जाचे नाही. त्यातून टायर, ब्रेक, दोरखंड आणि रस्ता समजतो. ते जरूर करावे. पण खिशात शिकाऊ लायसन्स ठेवून, गाडीवर ‘एल’ पाटी लावून आणि लायसन्सवाल्या उस्तादाला शेजारी बसवूनच स्टेअरिंग धरावे.

गाडीची ओळख

रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. टायरची हवा व कापलेपणा, चाकांचे नट, पाट्यांची पाने, ऑइल, कूलंट, सर्व दिवे, स्टेपनी व जॅक पाहावेत. इंजिन सुरू झाल्यावर हवेच्या ब्रेकचा काटा पुरेसा चढेपर्यंत गाडी हलवू नये. ताडपत्री आणि दोरी स्वतः हात लावून तपासावी. दुसऱ्याने बांधली म्हणून विश्वास ठेवू नये.

खरी परीक्षा घाटात होते. कसारा, बोरघाट, खंबाटकी किंवा पुण्याजवळील नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार, येथे डिझेल वाचविण्याच्या मोहाने गाडी न्यूट्रलवर सोडणारे अनेक आहेत. गाडी न्यूट्रलमध्ये असली की इंजिनाची ओढ सुटते आणि भरलेल्या ट्रकचे सारे वजन एकट्या ब्रेकवर येते. ब्रेक सारखे दाबल्याने लायनर व ड्रम तापतात, पकड कमी होते आणि शेवटी पाय दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसर नवी हवा भरत नाही व पॉवर स्टेअरिंगही जड होते. नियम साधा आहे. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणावा, सामान्यतः ज्या गिअरने तो घाट चढता येईल त्याच गिअरने उतरावा आणि ब्रेक थांबून थांबून वापरावा. वाचलेल्या दोन लिटर डिझेलची किंमत प्राणांपेक्षा मोठी नाही.

वजन आणि कागद

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अॅक्सलवरील वजनाची मर्यादा वाढविली. मागील चार टायरच्या एका अॅक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन आणि दुहेरी अॅक्सलला १९ ऐवजी २१ टन. तरीही त्याहून अधिक भरण्याचा आग्रह होतोच. कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. तो केवळ गाडी भरून पाठविणाऱ्यालाच नाही, चालविणाऱ्यालाही लागू होतो. वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये आणि मालकाला नम्रपणे पण ठाम शब्दांत नकार द्यायला शिकावे.

आर.सी., विमा, फिटनेस, परमिट, पी.यू.सी. व कराची पावती हे गाडीचे कागद. ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्येही दाखविता येतात. बिल्टी, बिल आणि ई-वे बिल हे मालाचे कागद. ई-वे बिलाची मुदत साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपण्यापूर्वी मालकाला कळवावे, म्हणजे ती वाढवून घेता येते. बिल्टीवरील नग आणि गाडीतील नग स्वतः मोजावेत. माल ही अमानत आहे. आपल्या सहीनंतर कमी पडलेल्या प्रत्येक नगाचा जबाब आपल्यालाच द्यावा लागतो.

शरीर आणि अपघात

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. प्रत्यक्षात चौदा-सोळा तास गाडी चालविणारे आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. पण पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा लागतोच. जागरणाच्या गोळ्या किंवा नशा हा त्यावर उपाय नव्हे. उपाय एकच, गाडी बाजूला घेऊन झोप. डोळ्यांची तपासणी नियमित करावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. नोकरी निवडताना गाडी कोणत्या सालची आहे, हेही पाहावे.

अपघात झालाच तर जखमीस दवाखान्यात पोहोचविण्याची व्यवस्था करणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळविणे हे ड्रायव्हरचे कायदेशीर कर्तव्य आहे. जमावापासून जिवाला धोका असेल तर जागा सोडावी, परंतु सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. पळून जाणारा माणूस निर्दोष असला तरी दोषी ठरविला जातो.

कमाईचा हिशेब

पगार ठरविताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. महिन्याचा पगार किती, रोजचा भत्ता किती आणि फेरीमागे काय. टोल, पंक्चर, हमाली, काटा हे खर्च कोणाचे, तेही आधीच ठरवावे. लायसन्सची मूळ प्रत मालकाकडे ठेवू नये. एक वही ठेवावी. त्यात तारीख, किलोमीटर, डिझेल, उचल आणि खर्च लिहावा. समजा, ४०० किलोमीटरच्या फेरीत गाडी लिटरला ४ किलोमीटर देते, तर १०० लिटर लागतात. संथ व एकसारखे चालवून हाच आकडा ४.४ वर आणला तर सुमारे ९१ लिटर पुरतात. दहा फेऱ्यांत ९० लिटर वाचले. हा हिशेब दाखविणारा ड्रायव्हर पगारवाढ हक्काने मागू शकतो. सोबत ई-श्रम पोर्टलवर नोंदणीही करून घ्यावी.

पुढच्या पायऱ्या

दोन-तीन वर्षांच्या स्वच्छ अनुभवानंतर वाटा उघडतात. पेट्रोल, गॅस, रसायनांचे टँकर चालविण्यासाठी तीन दिवसांचे खास प्रशिक्षण आणि लायसन्सवर नोंद लागते. एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणे आवश्यक असते. म्हणून रात्रीच्या मुक्कामी थोडे इंग्रजी शिकलेले फुकट जात नाही. आखातात जाऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, तेथे सहसा त्या देशाचे लायसन्स काढावे लागते. दहावी पास नसलेल्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. त्यांनी केवळ सरकारी नोंदणी असलेल्या एजंटामार्फतच जावे. एजंटाला ३०,००० रुपये आणि जी.एस.टी. यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेण्याचा अधिकार नाही.

स्वतःची गाडी घेण्याची घाई करू नये. हप्ता, विमा, टायर आणि रिकामी परतीची फेरी यांचा हिशेब वर्षभर दुसऱ्याच्या गाडीवर शिकावा. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बांधवांनी दोघा-तिघांच्या भागीदारीत जुनी गाडी घ्यावी. तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटावा आणि गाडी चालविणाऱ्या भागीदाराचा नफ्यातील हिस्सा त्याच्या मेहनतीचा विचार करून अधिक ठेवावा. हे सर्व कागदावर लिहून साक्षीदारांसमोर करावे. जुन्या गाडीवर कर्जाची नोंद, थकलेला कर किंवा ई-चलान नाही ना, हे खरेदीपूर्वी तपासावे.

शेवटी आमच्या व्यापारी बांधवांना एक विनंती. आपल्या टेम्पोवरील मुलाचे लायसन्स आजच मागून पाहा. नसेल तर त्याला हाकलू नका. स्टेअरिंगवरून उतरवा, ट्रेनिंग स्कूलची फी भरा आणि ती पगारातून थोडी थोडी वळती करा. एका मुलाला हलाल रोजीचा पक्का मार्ग मिळेल आणि आपला माल, आपली गाडी व रस्त्यावरचा माणूस, तिघेही सुखरूप राहतील.