तपासणीची तारीख वेगळी, बदलाची तारीख वेगळी!

लॅबचे रिपोर्ट पेशंटपर्यंत पोहोचवणारं छोटं ॲप काढायचं म्हणताय ना? मग आजचा मुद्दा नीट समजून घ्या. इथे चुकलात तर पेशंटच्या हातात जुनाच रिपोर्ट राहील.

समजा, ३ मार्चला रक्त घेतलं आणि त्याच दिवशी रिपोर्ट आला. ५ मार्चला लॅबने साखरेचा आकडा दुरुस्त केला. तुमचं ॲप रोज सकाळी विचारतं, "कालच्या तारखेचे रिपोर्ट द्या." मग ६ तारखेला हा रिपोर्ट येईल का? नाही येणार. तपासणीची तारीख अजून ३ मार्चच आहे!

आरोग्याच्या नोंदींची देवाणघेवाण करायला 'फायर' नावाचं मानक आहे. आपलं आयुष्मान भारत डिजिटल मिशनही तेच वापरतं. त्यात रिपोर्ट शोधताना 'डेट' म्हणजे तपासणीची वेळ. 'लास्टअपडेटेड' म्हणजे सर्व्हरवर ती नोंद शेवटची कधी बदलली ती वेळ. आपल्याला हवं ते हे दुसरं. यात नव्या नोंदी येतात आणि दुरुस्त केलेल्याही.

"नोंद पहिल्यांदा कधी तयार झाली?" यासाठी सगळ्या नोंदींना चालेल असा तयार पॅरामीटर फायरमध्ये नाही. सर्व्हर हिस्टरी ठेवत असेल, तर तिथली पहिली आवृत्ती बघायची.

आता चार सवयी लावून घ्या:

१. मागचा शोध सुरू झाला ती वेळ साठवा. पुढच्या वेळी तिच्या आधी 'जीई' लावा, म्हणजे "या वेळेपासून पुढचं सगळं".

२. वेळेसोबत +०५:३० द्या. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीची आदल्या दिवशीची संध्याकाळी ६:३०. आणि लिंकमध्ये अधिकचं चिन्ह एन्कोड करा, नाहीतर त्याची रिकामी जागा होते.

३. उत्तर पानापानांनी येतं. 'नेक्स्ट' लिंक संपेपर्यंत थांबू नका. सगळी पानं आली, की मगच साठवलेली वेळ पुढे सरकवा.

४. दर वेळी पाचेक मिनिटं मागून सुरू करा. तीच नोंद पुन्हा आली, तर आयडी आणि आवृत्ती पाहून गाळा.

आजचा गृहपाठ: टेस्ट सर्व्हरवर एक जुना रिपोर्ट दुरुस्त करा आणि तुमच्या ॲपला तो सापडतो का बघा. सापडला, तरच पहिल्या लॅबचं दार ठोठवा. लॅबवाला पैसे मोजतो ते भरवशाचे!