विद्यार्थी आणि त्याचे गाव
(पेण व रोहे ह्या भागांतील शिक्षकांकरिता)

शाळेच्या पटावर मुलाचे नाव लिहिताना आपण त्याचे गाव निराळ्या रकान्यात लिहितो. परंतु आपल्या कोकणपट्टीत गाव पुष्कळदा नावातच शिरलेले असते. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण बेने इस्राएल लोकांचे होय. हे लोक कित्येक पिढ्या येथील खेड्यांत राहून तेल गाळीत असत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे पाहा: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहिमकर. नाव शमुवेल किंवा दावीद, आणि आडनाव कुंडलिकेच्या काठचे! एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळांत ह्यांची मुले शिकली, आणि डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली मराठीतून इब्री भाषेचे व्याकरण सिद्ध केले. १९४८ नंतर ह्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशी गेली. तेथे जन्मलेल्या ज्या मुलाने पेण कधी पाहिले नाही, तोही शाळेत पेणकर म्हणून हाक मारल्यावर उभा राहतो.

नावापुरते हे झाले. गाव मुलाच्या वागणुकीत किती उतरते, हा प्रश्न अधिक कठीण आहे. त्यासाठी आम्ही दोन मुलांची उदाहरणे घेतो.

पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे ह्याचा जन्म झाला. पुढे लोक त्यास विनोबा म्हणू लागले. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास, म्हणून बाळपण आजोबांजवळ व आईजवळ गेले. विनोबांनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. अंगणातील फणस उतरला की आई पहिले गरे घरातील मुलांस देत नसे; ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी पोचवावयास ह्याच मुलास पाठवी. १९५१ साली ज्या मनुष्याने पोचमपल्लीस भूमिदानाचे कार्य आरंभिले, त्याचा पहिला धडा गागोद्याच्या फणसाखाली झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तितके धाडस करीत नाही. एका फणसावरून एवढे मोठे अनुमान काढू नये. तथापि हे निश्चित, की त्याच मुलाने १९१६ साली आपल्या परीक्षांची प्रमाणपत्रे चुलीत घातली, परंतु आईची एक इच्छा मात्र जपून ठेविली. तिला संस्कृत गीता कळेना, मराठीत हवी होती. ती १९१८ साली वारली, आणि 'गीताई' हा ग्रंथ १९३० व १९३१ ह्या सालांत लिहून झाला. शाळेचे कागद जळाले. घरची भाषा राहिली.

दुसरा मुलगा चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी, बाळपण रोह्यास. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो मुंबई इलाख्यात पहिला आला व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्याने मिळविली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे बक्षीस, १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, आणि १९५० पासून देशाचा अर्थमंत्री. एवढ्या लांब गेलेल्या माणसास गाव विसरणे सोपे असते. परंतु १९५२ साली त्यांनी लोकसभेची निवडणूक लढविली ती आपल्या कुलाबा जिल्ह्यातूनच, आणि मुंबई महाराष्ट्रापासून निराळी ठेवण्याचे ठरले तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडिले. मेघदूत मराठीत आणणारे तेच हे गृहस्थ. एकाने प्रमाणपत्रे जाळिली, दुसऱ्याने मिळविता येतील तेवढी मिळविली. दोघे एकाच जिल्ह्यात चार महिन्यांच्या अंतराने जन्मले आणि १९८२ साली सहा-सात आठवड्यांच्या अंतराने वारले. तेव्हा गाव मुलास एकाच साच्यात घालते, असे कोणी शिकवू नये.

पण ह्या दोघांस एक गाव होते. आता ज्या मुलास ते नाही त्याचे पाहू.

पेण, रोहे व सुधागड ह्या तालुक्यांत कातकरी लोकांच्या वाड्या आहेत. दिवाळी झाली की त्यांतील पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर अथवा कोळसा पाडण्यास बाहेर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. मुले अर्थातच बरोबर जातात. आम्ही काही काळ एका लहान शाळेत शिकवीत होतो. तेथे अशा एका मुलाच्या नावापुढे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आम्ही रोज 'गैरहजर' लिहिले, आणि आपले काम झाले असे समजलो. जूनमध्ये तो परत आला. पट भरताना आम्ही त्यास विचारिले, "तुझे गाव कोणते, बाळा?" तो थोडा थांबला व म्हणाला, "गुरुजी, पावसाळ्यातलं सांगू का उन्हाळ्यातलं?" वर्गातील मुले हसली. आम्हीही हसलो, ही गोष्ट आजही आम्हांस बोचते. मुलगा खोटे बोलला नव्हता.

ह्या मुलांकरिता कायदा काही कमी नाही. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, व एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क मुलास आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाकरिता शिक्षण हमी पत्रक असते; ते घेऊन भट्टीजवळच्या शाळेत बसता येते. जेथे हंगामी वसतिगृहाची सोय होते, तेथे आईबाप गेले तरी मूल वाडीतच राहून शिकते. पण पत्रक भरावयाचे ते कुटुंब निघण्याच्या आधी. बैलगाडी किंवा ट्रक वाडीतून गेल्यावर धावाधाव करून काय उपयोग?

म्हणून उपदेशकांनी व शिक्षकांनी दसऱ्याच्या सुमारास वाडीवर जावे. कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर जाणार, बरोबर किती मुले, कोण कितव्या इयत्तेत, हे वहीत लिहून घ्यावे व मुख्याध्यापकांकडून पत्रके भरून घ्यावी. मुले परत आली म्हणजे त्यांस मागील बाकावर बसवू नये. आमच्या त्या मुलास पाढे येत नव्हते; परंतु हजार विटांची रास कशी रचतात आणि उचल फेडावयास अशा किती राशी लागतात, हे तो तोंडी सांगे. पुढील आठवड्याच्या अंकगणिताचा पाठ ह्याच हिशेबापासून आरंभावा, आणि फळ्यापाशी त्यालाच उभे करावे.