उन्हाळा, इन्शुलिन आणि मडके

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी मधुमेही माणसाने इन्शुलिनची कुपी कोठे ठेवावी? इन्शुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने त्याच्या रेणूंची घडी विसकटते. औषध दिसते तसेच, पण गुण देत नाही. रक्तातील साखर वाढत जाते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. ती गोठू मात्र देऊ नये. गोठलेले इन्शुलिनही निकामी होते.

फ्रिज नसेल तर वापरातील कुपी कोरड्या डबीत घालून, ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवतात. पाण्याची वाफ होताना मडक्यातील उष्णता शोषली जाते. विदर्भाच्या कोरड्या हवेत मडके चांगले गार होते, कोकणात तितके होत नाही. असे का? विचार करा!